मोजणीदार

मोजणीदार हे नाव त्याला त्याच्या बायकोनं दिलं आणि आमच्या पश्चिम लंडनच्या गणपतीत ते आरतीआधीच्या गप्पांत कायम झालं. खरं आडनाव चारचौघांसारखं आहे. नोकरी एका बँकेच्या आयटी खात्यात, हुद्दा 'लीड' कसलासा. पण मुलगी अडीच वर्षांची झाली आणि हा माणूस बघता बघता भूमी अभिलेख खात्यातला वाटायला लागला. कुणाकडे जेवायला गेला की चपला काढायच्या आधी फोनवर नकाशा काढायचा आणि निकाल द्यायचा, "तुमचं शून्य पूर्णांक सहाशे बारा. गेल्या वर्षी चारशे तीसला बंद झालं. तुम्ही बाहेर." ज्यांना मुलंबाळं नाहीत त्यांनाही तो हे सांगायचा. ज्यांची मुलं नोकरीला लागली त्यांनाही.

इंग्लंडात सरकारी शाळेला फी नाही, डोनेशन नाही, आमदाराचं पत्रही चालत नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की छापील नियमांनुसार क्रम लागतो. कौन्सिलच्या पालकत्वाखालची मुलं आधी, मग ज्यांची भावंडं शाळेत आहेत ती, आणि त्यानंतर बहुतेक ठिकाणी अंतर. घरापासून शाळेपर्यंतचं, बऱ्याच कौन्सिलांत सरळ रेषेत, मैलाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजलेलं. मध्ये रेल्वेचे रूळ आले, कालवा आला, दफनभूमी आली, तरी रेषा थांबत नाही. शेवटची जागा मिळालेलं मूल किती अंतरावर राहत होतं तो आकडाही जाहीर होतो. लोकांना सचिनची शतकं पाठ असतात, तसे मोजणीदाराला हे आकडे वर्षवार पाठ.

बरं, त्याला कुठलीही शाळा चालणार नव्हती. 'ऑल-थ्रू' हवी होती. म्हणजे चौथ्या वर्षी मूल रिसेप्शनच्या वर्गात सोडायचं आणि अठराव्या वर्षी ए-लेव्हलचा निकाल हातात घेऊन त्याच फाटकातून बाहेर काढायचं. एरवी इथं प्रायमरी अकराव्या वर्षी संपते. मग सेकंडरीसाठी ३१ ऑक्टोबरच्या आत नवा अर्ज, १ मार्चला निकाल, आणि आसपास ग्रामर शाळा असतील तर 'इलेव्हन प्लस' नावाची परीक्षा, जिच्यासाठी स्लाउकडची आपली मंडळी मुलांना आठव्या-नवव्या वर्षीच क्लासला घालतात. ऑल-थ्रूमध्ये सहावीतून सातवीत जायला अर्ज लागत नाही. मूल नुसतं जिना चढतं.

"एकदाच काय ते," मोजणीदार म्हणायचा. हे त्याचं सगळ्याच बाबतीतलं धोरण. लग्नाची शेरवानी त्यानं एक माप मोठी शिवली होती, पुढेही उपयोगी पडावी म्हणून. लंडनला येताना दोन माणसांच्या संसारासाठी बारा लिटरचा कुकर आणला. त्यात अजून एकदाही पूर्ण भांडं भात शिजलेला नाही, पण प्रश्न मिटलेला आहे.

आणि शाळेच्या बाबतीत त्याच्याकडे दाखलाही होता. साताऱ्यात तो स्वतः शिशुवर्गापासून दहावीपर्यंत एकाच शाळेत होता. "बाबांनी काय केलं निवडायला? सायकलला कॅरियर होतं, ऑफिसच्या वाटेवर शाळा होती. झालं." बाबांनी जे कॅरियरवर मागे बसवून उरकलं, ते त्याच तऱ्हेनं व्हावं म्हणून मुलानं मात्र चौदा रकान्यांची एक्सेल शीट केली होती.

त्याची आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. व्हिडिओ कॉलवर सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "सरकारी शाळेसाठी घर बदलतोयस?"

"हो आई. जवळ असल्याशिवाय मिळत नाही."

"अरे, आम्ही जूनमध्ये वस्तीवर घरोघर फिरायचो पोरं गोळा करायला. पट भरला नाही तर शिक्षक जायचा. एकेका आईला सांगायचे, पाठव गं, खिचडी आहे, पुस्तकं आहेत. आणि तू भाडं वाढवून शाळेजवळ जातोयस, नि त्या नाही म्हणणार?"

"म्हणू शकतात."

"मग त्यांचा मास्तर काय करतो उन्हाळ्यात?" या प्रश्नाला शीटमध्ये रकाना नव्हता.

घर बदललंच. नवा फ्लॅट शून्य पूर्णांक चारशे अठरावर. शाळेजवळ नावापुरती खोली भाड्यानं घेऊन जुन्या घरी राहणारे महाभागही असतात. कौन्सिल त्यांचा छडा लावते आणि मिळालेली जागा काढून घेते. मोजणीदार तसला नव्हे. त्याची लबाडी फक्त मिलिमीटरची होती. मुलीची खोली शाळेच्या बाजूला केली तर अंतर कमी धरतात का, असं त्यानं कौन्सिलला फोन करून विचारलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं की इमारतीचा एकच बिंदू धरतात. मग शाळेचं मागचं फाटक धरलं तर? बाईंनी त्याचं नाव विचारलं. त्यानं फोन ठेवला.

पुढची चाल नर्सरीची. याच शाळेची नर्सरी होती, तीन वर्षांपासूनची. मुलीला तिथं घातलं आणि पेढे वाटले. पेढे संपल्यावर त्यानं नियमावलीचं शेवटचं पान वाचलं : नर्सरीत असल्यानं रिसेप्शनची जागा मिळेलच असं नाही, अर्ज वेगळा करायचा. त्या रात्री तो कुणाशीच बोलला नाही, असं त्याची बायको आनंदानं सांगते.

शाळा बघायला जाण्याचा दिवस तर सगळ्यांनी बघायला हवा होता. सहावीतली दोन मुलं पाहुण्यांना फिरवत होती. रिसेप्शनच्या वर्गात वाळूचा हौद, पाण्याचं टेबल, काचेच्या पेटीत हाताच्या पंजाएवढी आफ्रिकन गोगलगाय. बाकीचे पालक विचारत होते, डबा चालतो का, झोपू देतात का, शू झाली तर. मोजणीदारानं विचारलं, "ए-लेव्हलला फर्दर मॅथ्स आहे का?" वर्गशिक्षिका गुडघ्यावर बसून एका मुलाच्या नाकातला मणी काढत होती. ती म्हणाली की विचारून सांगते. त्यानं पुढे जीसीएसईला ट्रिपल सायन्स, 'प्रोग्रेस एट'चा आकडा आणि सिक्स्थ फॉर्मला आतल्या मुलांकडून किती गुण मागतात, हे सगळं विचारून घेतलं. शेवटचा प्रश्न वावगा नव्हता. कारण 'ऑल-थ्रू' असली तरी सोळाव्या वर्षी वरच्या वर्गात बसायला ठरावीक ग्रेड लागतातच; चौदा वर्षांचा पास कुणी आधी छापून देत नाही. हे कळल्यावर तो जरा खचला. त्यात आणखी एक भर पडली. रिसेप्शनला मुलं ६०, पण सातवीत बाहेरून आणखी १२० येतात. "म्हणजे आपण अर्ज नाही केला तरी बाकीचे करणारच," तो म्हणाला. वाटेत एक गणवेशातला, दाढी फुटलेला, सहा फुटी मुलगा दार धरून उभा होता. मोजणीदारानं त्याला शिक्षक समजून नमस्कार केला.

मुलीला विचारलं, शाळा कशी वाटली? ती म्हणाली, "गोगलगाय." मला विचाराल तर त्या दिवशी तिथल्या सर्व अर्जदारांत मुद्द्याला धरून बोललेली ती एकटीच.

त्याच्या बायकोचा आक्षेप निराळा होता. "अरे, आणि तिला नाहीच आवडली तर? चौदा वर्षं?"

"का नाही आवडणार? मला आवडली."

"तुला तर तो कुकरही आवडतो. मी पाचवीत शाळा बदलली म्हणून 'शेंबडी' हे नाव मागे राहिलं. तुझ्यासारखी एकाच शाळेत राहिले असते तर बी.ई. झाल्यावरही शेंबडीच राहिले असते. अकराव्या वर्षी माणसाला एकदा नव्यानं सुरुवात करू द्यावी."

मोजणीदार यावर गप्प बसला. दहावीच्या बॅचचा त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात त्याला अजून 'चड्डीसुटक्या' म्हणतात.

शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडनंही त्याचा विश्वासघात केला. आधी तपासणीचा निकाल एका शब्दात असायचा. 'आउटस्टँडिंग' म्हटलं की बास. २०२४च्या सप्टेंबरात सरकारी शाळांसाठी तो एक शब्द बंद झाला आणि पुढे वेगवेगळ्या बाबींना वेगवेगळी श्रेणी देणारं रंगीत प्रगतिपुस्तक आलं. शिक्षकांना यात दिलासा आहे आणि मला ते योग्यच वाटतं. एका शब्दात माणूस मावत नाही, तर शाळा कशी मावेल? मोजणीदाराच्या शीटमध्ये मात्र त्यामुळे सहा रकाने वाढले. चर्चच्या शाळेचा विचारही मधे होऊन गेला; तिथं बऱ्याचदा चर्चला येणाऱ्यांची मुलं आधी घेतात. एका रविवारी तो चर्चला जाऊनही आला, आणि पाद्र्यानं प्रेमानं विचारपूस केल्यावर त्याला इतकी शरम वाटली की तिथल्या धान्यपेटीत पाच किलो तांदूळ देऊन परतला.

अर्ज भरायची शेवटची तारीख १५ जानेवारी. लंडनमध्ये सहा शाळांची नावं पसंतीक्रमानं देता येतात. तुमचा क्रम शाळेला कळत नाही; ज्या ज्या शाळेच्या नियमांत मूल बसतं, त्यांतली तुमच्या यादीत सर्वांत वर असेल ती मिळते. म्हणून जशी आवडते तशी लिहावी, यात डावपेच नाही. हे मी त्याला समजावलं, कौन्सिलच्या त्याच बाईंनी समजावलं. त्याचा विश्वास बसेना. "एवढं सरळ असेल तर लोक चुकतात कुठे?" म्हणून त्यानं सहा नावांचे किती क्रम होतात ते मांडलं. ७२० होतात. त्यातला जो निवडला तो शेवटी आवडीचाच क्रम होता.

१६ एप्रिलला दुसऱ्या क्रमांकाची शाळा मिळाली. साधी, अकराव्या वर्षी संपणारी, चांगली प्रायमरी. त्या वर्षी भावंडांचा लोंढा आला आणि अंतर चारशे दोनला बंद पडलं. सोळा सहस्रांश मैल, म्हणजे सुमारे २६ मीटर. मोजणीदार दोन दिवस २६ मीटर चालून दाखवत होता. आमच्या दिवाणखान्यातून निघाला तर तो शेजाऱ्याच्या बागेत संपायचा. "एकेका घरात तीन-तीन पोरं," तो म्हणायचा. "लोकांना काही विचार नाही."

जागा स्वीकारून प्रतीक्षायादीत थांबता येतं, तसा तो थांबला. ही यादी आधी येणाऱ्याची नसते, तिलाही तेच नियम लागू. त्यामुळे माणूस पुढे सरकतो तसा मागेही जातो. नववा होता, मे महिन्यात शाळेसमोरच्या घरात कुणी राहायला आलं आणि हा दहावा झाला. त्या काळात तो रस्त्यावर सामानाचा ट्रक दिसला की थांबून बघायचा, उतरवतायत की चढवतायत. जूनमध्ये दोन कुटुंबं गेली, कुणाला दुबईची नोकरी लागली, कुणी अपील न करता खाजगी शाळेत गेलं, आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात कौन्सिलचा मेल आला. मिळाली.

आता मुलगी पहिलीत आहे. शाळा चांगली आहे, तिची गोगलगाय मेली, नवी आणली. मधल्या काळात मोजणीदाराला मुलगा झाला. बारशाला सगळे जमलो होतो. कुणीतरी विचारलं, "याच्या शाळेचं काय?" मोजणीदार पाळण्याकडे बघत म्हणाला, "याचं काय, भावंडात बसतो. पत्ता काहीही असो." हे तो ज्या सुरात बोलला, त्या सुरात लोक नोकरी गेल्याचं सांगतात.

जेवणं झाल्यावर त्याच्या बायकोनं मला पुस्तकांचं कपाट दाखवलं. मुलीच्या परीकथांच्या मागे व्हर्बल रीझनिंगची दोन पुस्तकं उभी होती, इलेव्हन प्लसची.

"हे काय रे?" मी विचारलं. "तू तर ही भानगडच नको म्हणून..."

"ग्रामर शाळांत बऱ्याच ठिकाणी अंतर बघत नाहीत, गुण बघतात," तो आवाज खाली आणून म्हणाला. डोळ्यांत पुन्हा चमक आलेली होती. "आणि आता घाई कुठाय? इकडचं एकदाच काय ते झालंय. निवांत बघता येईल."