पॉइंट बावीस काका

कोराडीत बंदुकीबद्दल काहीही विचारायचं असलं की माणसं पॉइंट बावीस काकांकडे जातात. काकांकडे बंदूक नाही. कधीच नव्हती. त्यांनी आयुष्यात झाडलेली एकमेव बंदूक म्हणजे जगदंबेच्या नवरात्रातल्या जत्रेतली, फुगे फोडायची. तिच्याबद्दलही त्यांचा लेखी शेरा आहे : ‘नळी डावीकडे ओढते. खरेदीस अयोग्य.’

काका वीज केंद्राच्या भांडार विभागातून निवृत्त झाले. कोराडीची चिमणी साऱ्या नागपूरला दिसते. २१० मेगावॉटचे जुने संच, नंतर आलेले ६६० मेगावॉटचे तीन संच, राखेचा बंधारा, कोळशाच्या वाघिणी, हेही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतं. पण त्यातला एकेक नट ज्या टेबलावरून आत गेला, त्या टेबलामागचे काका कुणाला दिसले नाहीत. आधी स्पेसिफिकेशन, मग तीन कोटेशनं, मग तुलनात्मक तक्ता, मग शेरा. एवढं झाल्याशिवाय काकांच्या हातून टाचणीसुद्धा खरेदी झालेली नाही. घरचा मिक्सर याच वाटेनं आला. तो आला तोवर काकूंची मिक्सरची हौस फिटली होती.

बंदुकीचं स्पेसिफिकेशन त्यांनी नोकरीत असतानाच लिहून ठेवलं होतं. रजिस्टरच्या पहिल्या पानावर आजही आहे : ‘मुख्य वापर : जंगलात पायी हिंडणे. दुय्यम वापर : लहान शिकार. वजन तीन किलोच्या आत. रायफल, नग एक. सर्व कामास उपयुक्त असावी.’ घोळ झाला तो या शेवटच्या ओळीनं.

पहिली निविदा अर्थातच पॉइंट बावीसची. हलकी, आवाज बेताचा, धक्का जवळपास नाहीच. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. सशा-तितराला पुरेशी. इतके दिवस काका तिचं कौतुक करत हिंडले की नावच पडलं. पण एक दिवस त्यांनी कुठेसं वाचलं की ही एवढीशी गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. काकांनी कोराडीचा नकाशा काढला, कंपासनं वर्तुळं मारली आणि संध्याकाळी मला बोलावून सांगितलं, “बाबू, तलावाच्या पाळीवरून कोनत्याबी दिशेनं सोड, गोळी वीज केंद्राच्या मालमत्तेवरच पडते. पंचनामा कोन करन?”

मग .३१५ चा नंबर लागला. ती आपल्या सरकारी कारखान्याची, इशापूरची. इंग्रजांना .३०३ ही फौजेची गोळी हिंदी माणसाच्या हातात नको होती, म्हणून शिकारी रायफलींसाठी हे वेगळं माप इकडे रुजलं. हा इतिहास सांगताना काकांचा आवाज चढतो, जणू .३०३ त्यांच्याच हातून काढून घेतली होती. .३१५ नं रानडुक्कर बसतं, याबद्दल त्यांना शंका नाही. पण सशाला लागली तर सावजी रश्श्यात टाकायला फक्त कान उरतील. शेरा : ‘दुय्यम वापरास अयोग्य.’

राहिली बारा बोअर. तिची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीला होतात, म्हणजे सुट्या भागांचा प्रश्न नाही. छर्ऱ्यानं तितर पडतं, एकाच मोठ्या गोळीनं डुक्करही पडतं. सर्व कामास उपयुक्त म्हणावी अशी तीच. बारा बोअर म्हणजे काय, हे काका कुणालाही थांबवून सांगतात. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या करायच्या, त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. परवा बाजारात त्यांनी हे लिंबं हातात घेऊन समजावलं, तर भाजीवाल्या मावशींनी ती बारा लिंबं पिशवीत टाकून पैसे मागितले. पण बारा बोअरची नळी आतून गुळगुळीत. गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा नाहीत, म्हणजे ती रायफल नाही, आणि स्पेसिफिकेशनमध्ये रायफल लिहिलं आहे. तांत्रिक कारणावरून बाद. फेरनिविदा.

“स्पेसिफिकेशनच बदला ना काका,” मी एकदा म्हटलं.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लाच घ्यायला सांगत होतो.

आता कुणी म्हणेल, हा माणूस निदान परवान्याचा अर्ज तरी करेल. अर्ज आणलेला आहे. तो काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवला आहे. नाव, पत्ता, ओळखपत्र, सगळं भरून झालं. पुढे एक रकाना येतो : कोणत्या प्रकारचं शस्त्र हवं? तिथे पेन थांबलं आहे. गरज काय, हाही रकाना आहे. त्यात काकांनी ‘जंगलात हिंडणे’ असं पेन्सिलीनं लिहिलं आहे. ते वाचून पोलीस आयुक्तालयातल्या साहेबांचा चेहरा कसा होईल, हे मला पाहायचं आहे. पण त्यासाठी आधीचा रकाना भरायला हवा.

आणि कायदा? तो काकांना तोंडपाठ आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला मोठ्या शिकारीचा आणि लहान शिकारीचा असे वेगवेगळे परवाने लिहिलेले होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ते गेले. काकांना हे त्या वेळच्या सरकारनं मुद्दाम केलं असं वाटतं. “मी अजून दुसऱ्याच कोटेशनवर होतो ना बाप्पा!” तरी कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून कावळा, उंदीर, फळं खाणारी वटवाघळं उरली होती. २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच उडाली. त्या दिवशी काका अंगणात उभे राहून विजेच्या तारेवरच्या कावळ्याकडे बराच वेळ पाहत होते. “हाबी गेला,” म्हणाले.

त्यांच्या मुलानं व्यवहारी तोड काढली : एअरगन घ्या. .१७७ ची, वीस ज्यूलच्या आतली, तिला परवाना लागत नाही. काका भडकले. “अबे, बॉयलरच्या फॅनची हवा खात जिंदगी गेली, आता पैसे देऊन अजून हवाच घेऊ?” शिवाय एअरगननं ससा मारला तरी तो गुन्हाच, हे मुलाला त्यांनीच सांगितलं. तेव्हा मुलगा वैतागून म्हणाला की बाबा, कशानंही मारता येत नाही, तर मग हे सगळं कशासाठी?

“मारायचं कोन म्हनून राहिलं?” काका म्हणाले. “मी निवडून राहिलो.”

माझं तर मत आहे की कायद्यानं काकांवर उपकारच केले. शिकार चालू असती तर एखाद्या थंडीत मित्रांच्या आग्रहाखातर काकांना कुठलीतरी एक बंदूक घ्यावी लागली असती, तिचा नेम चुकला असता, आणि उरलेलं आयुष्य खरेदी चुकल्याच्या दुःखात गेलं असतं. आता तक्त्यातली प्रत्येक बंदूक बिनचूक मारते.

पण नुसत्या कागदावर थांबणारे काका नव्हेत. वजनाची चाचणी हवी म्हणून त्यांनी जीआय पाइपचा तुकडा घेतला, रेती भरली, दोन्ही तोंडं बंद केली, जुन्या बॅगेचा पट्टा लावला आणि किराणा दुकानात मोजून वजन पावणेतीन किलो करून घेतलं. हा पाइप खांद्याला अडकवून ते तलावाकडच्या सुबाभळीत आणि घाणेरीच्या झुडपांत हिंडतात. नवरात्रात एकदा तसेच रस्त्यावर आले. भाविकांची ही गर्दी, आणि बंदोबस्तावरच्या हवालदारानं विचारलं, “काय आहे हे?”

“काही नाही,” काका सहज म्हणाले, “पॉइंट बावीस.”

पुढचा तासभर काका मंडपामागे खुर्चीवर होते. काकू ओटीचं ताट घेऊन पोचल्या तेव्हा चौकशी संपून शिकवणी सुरू झालेली. हवालदाराच्या वडिलांचं शेत सावनेरकडे, कपाशीत रानडुकरं शिरतात. काका त्याला समजावत होते की पिकाची नासाडी करणाऱ्या डुकराला मारायचं तरी वनखात्याची परवानगी लागते, आणि बंदुकीचं म्हणाल तर घाई करू नका. “तीन कोटेशनं आना. मग पाहू.”

एकदा मीही सोबत होतो. दिवस मावळताना पाळीखाली, वीस पावलांवर, ससा. खराखुरा. काकांनी माझा दंड धरला आणि कुजबुजायला लागले. वारा डावीकडून. अंतर पॉइंट बावीसचं. पण मागे काय? मागे तलाव. पाण्यावरून गोळी उसळते. मग बारा बोअर, सहा नंबरचा छर्रा? पण ती बाद झालेली. सशानं कान खाजवला, आमच्याकडे पाहिलं, एक कोवळी काडी खाल्ली. .३१५ चा मुद्दा निघाला तेव्हा तो उठून गेला. रजिस्टरमध्ये नोंद आहे : ‘संधी प्राप्त. साधन अनिर्णित.’

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं. ती स्पर्धा पॉइंट बावीसची, म्हणून काकांनी कॉलनीत पेढे वाटले. संध्याकाळी त्या रायफलीचं वजन कळलं. पाच किलोच्या वर. “एवढी घेऊन जंगलात हिंडन कोन?” पेढे मात्र परत मागितले नाहीत.

शेजारच्या मास्तरांनी मध्येच जिम कॉर्बेट काढला. कॉर्बेटची लहानपणची पहिली बंदूक तोंडातून दारू भरायची, एक नळी फुटलेली, पितळी तारेनं बांधलेली. त्यावर तो जंगल शिकला. काका क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, “पन १९०७ साली त्याले रिग्बीची .२७५ भेट भेटली ना. फुकटच्या मालाले कोटेशन लागत नाही.”

खरा घाव घातला तो पेनसिल्व्हेनियातल्या पुतण्यानं. एका रविवारी फोनवर सहज बोलून गेला, “काका, मी पॉइंट बावीस घेतली. रुगरची टेन ट्वेंटी-टू.” काकांना ते मॉडेल पाठ, १९६४ पासून निघतं. त्यांनी एकच विचारलं, किती दुकानं फिरलास? एक. किती वेळ लागला? कागदपत्रं धरून अर्धा-पाऊण तास. काकांनी फोन काकूंच्या हातात दिला.

पंधरवडाभर पुतण्याचं नाव घरात निघालं नाही. मग ट्रिगरबद्दल एक प्रश्न गेला, मग मॅगझिनबद्दल दोन, आणि शेवटी त्यानं आमंत्रणच दिलं. या इकडे, परवाना काढू, हंगामात खारी मारता येतात, दोघं जंगलात हिंडू. काकूंनी लगेच पासपोर्ट कपाटातून काढून टेबलावर ठेवला. जा म्हणाल्या, एकदाचं होऊन जाऊ द्या.

काकांनी सगळी चौकशी केली. तिकीट, विमा, थंडीचे कपडे. आणि पासपोर्ट परत कपाटात ठेवला.

“काहून?” मी विचारलं.

“तिकडं दुकानात शंभर बंदुका लटकून असतात म्हंते तो. आन् राहू देतात सहा महिने,” काका म्हणाले. “सहा महिन्यांत तं टेक्निकल बिडबी उघडत नाही, बाबू.”