एवढा एकच टाका

वर्कशॉपच्या दारात उभं राहून 'मालक, एवढा एकच टाका मारून द्या की' म्हणणारा माणूस आजवर कधी एका टाक्यावर गेलेला नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याचं शटर उघडं दिसेल, त्याच्याकडे तो येणारच. कधी त्याच्या हातात गेटची बिजागरी असते, कधी कूलरचं स्टँड. उसाचा हंगाम सुरू झाला की मागे अख्खी ट्रॉलीच उभी असते. टाका एकच, फक्त तो फाळक्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारायचा असतो.

आमच्याकडे मशीन आहे आर्गनचं, म्हणजे पुस्तकातलं टिग. 300 अँपिअर, थ्री फेज, एसी-डीसी, टॉर्च थंड ठेवायला पाण्याची टाकी वेगळी. एसएसच्या टाक्या, हॉटेलातली टेबलं, ॲल्युमिनियमची तडकलेली हाउसिंगं यांच्यासाठी घेतलेलं. या विद्येचं घराणं मोठं आहे. 1941च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडायला ती वापरात आणली; तेव्हा आर्गनच्या जागी हेलियम होता. ज्या कलेनं विमानं जोडावीत, तिला आम्ही उसाचा फाळका जोडायला लावत होतो.

आर्गन मशीनचा थाट दिवाळसणाला आलेल्या जावयाचा असतो. पत्रा आधी घासून लख्ख पाहिजे, वर ॲसिटोनचं फडकं फिरलेलं पाहिजे. गंज चालत नाही, रंग चालत नाही, तेलाचा डाग दिसला की रुसवा. भर एप्रिलात पत्र्याच्या छपराखाली पंखासुद्धा लावायचा नाही, कारण वाऱ्यानं गॅस उडतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलर, पायाखाली पेडल. मोकळा राहतो तो एक पाय, बहुधा पळून जायला. टंगस्टनचं टोक वितळलेल्या धातूला नुसतं शिवलं, तरी काम थांबवा, टंगस्टन काढा, ग्राइंडरवर नवं टोक करा, पुन्हा बसवा. एवढं सोसल्यावर जो टाका पडतो, तो काचेच्या कपाटात ठेवण्यालायक असतो. ट्रॉलीवाला तो कौतुकानं बघतो आणि विचारतो, ''पण रंग दिल्यावर दिसणार न्हाई न्हवं?''

तेव्हा जोडीला एक लहान मिग मशीन घ्यावं असं ठरलं. आमच्याकडे त्याला 'सीओटू' म्हणतात. यात लाड नाहीत. तारेचा स्पूल आत, ट्रिगर दाबला की तार आपोआप पुढे येते, तीच पेटते आणि तीच वितळून भरते. एका हाताचं काम. तंत्र 1948मध्ये अमेरिकेतल्या बॅटेल संस्थेत आकाराला आलं. पुढे 1953च्या सुमारास स्वस्त कार्बन डायऑक्साइड त्यात आला आणि साध्या लोखंडाचं नशीब फळफळलं.

मशीन घ्यायचं ठरलं ही बातमी उद्यमनगरात गुपित राहत नाही. शेजारच्या लेथवाल्यांनी ''घेतोयस तर 400चं घे, पुन्हा पुन्हा घेणं होतंय का?'' म्हणून सुचवलं. असं सुचवणाऱ्यांपैकी वायरिंगचा खर्च द्यायला कोणी तयार नव्हतं. मेहुणे म्हणाले, ''थ्री-इन-वन घ्या. मिग, टिग, आर्क, सगळं एकाच डब्यात.'' कल्पना गोड आहे. पण अशा बहुतेक डब्यांतलं टिग नुसतं डीसी असतं. ॲल्युमिनियमला लागतं एसी. म्हणजे जे आमच्या थोरल्याला उत्तम येतं, ते धाकट्याला अर्धवट शिकवायचे पैसे आम्ही द्यायचे. तिसऱ्या एकानं हिशेब मांडला, ''आर्गनचा सिलिंडर आहेच की, तोच लावा.'' हा हिशेब ऐकायला बरा वाटतो. शुद्ध आर्गनवर लोखंडाला मिग मारलं, तर टाका वर फुगून बसतो, कडेला नीट धरत नाही. उलट सीओटू टिगला लावला, तर टंगस्टन काळंठिक्कर पडून संपतं. थोरला आणि धाकटा एका घरात राहतील, पण एका सिलिंडरवर नाही.

शेवटी आमच्या मिस्त्रीमामांना घेऊन दुकानात गेलो. विक्रेत्यानं मशीनवरून हात फिरवत सांगितलं, ''200 अँपिअर, साहेब. घरच्या सॉकेटवर चालतं.'' दोन्ही वाक्यं खरी होती, फक्त एकाच वेळी नव्हती. मिगला 200 अँपिअरवर साधारण 24 व्होल्ट लागतात, म्हणजे नुसते बाहेर पडणारेच 4800 वॉट. आणि 16 अँपिअरच्या सॉकेटातून 230 व्होल्टला मिळणार जेमतेम 3680. उरलेले वॉट कुठून आणायचे, हे माहितीपत्रकात नव्हतं. त्या सॉकेटावर शंभराच्या आसपासचं काम करा आणि गप्प बसा, किंवा 32 अँपिअरची स्वतंत्र लाइन ओढा.

मग मी ड्युटी सायकल विचारली. विक्रेता म्हणाला, ''बारा महिन्यांची वॉरंटी आहे.'' पुन्हा विचारल्यावर मागच्या बाजूची पाटी वाचून दाखवली: पूर्ण करंटवर 30 टक्के. म्हणजे दहा मिनिटांत तीन मिनिटं काम आणि सात मिनिटं विश्रांती, तीही 40 अंशांच्या हवेत मोजलेली. हा नियम कळल्यावर वर्कशॉपमधल्या पोरांनी तशी पाटी आपल्यालाही लावावी अशी मागणी केली आहे. तरी यात घाबरण्यासारखं काही नाही. करंट कमी केला की ती टक्केवारी वाढते, आणि दीड-दोन मिलिमीटरच्या स्क्वेअर पाइपाला 200 अँपिअर लागतात कुणाला? तेवढे सोडले तर पाइप राहत नाही, भोक राहतं.

विक्रेता तीन मिलिमीटरच्या पट्ट्यांवर चकचकीत टाके मारून दाखवत असताना मामांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी मशीनचं बाजूचं दार उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि तार ढकलणाऱ्या रोलरवर नख मारलं. टक् असा बसका आवाज आला.

''प्लॅस्टिकचं हाय.''

''मामा, फायबर आहे, इंपोर्टेड.''

''फायबर असंल. पर पंधरा दिसांत तार सरकायची न्हाई. हितं आत गुंता हुतोय बघा, मग तार कापा, टीप बदला, पुन्हा तार घाला. निम्मा दिस त्यातच.''

शेजारच्या मशीनचं दार उघडलं. रोलर आणि त्याची बैठक, दोन्ही धातूची. खाच व्ही आकाराची, एका बाजूला 0.8 आणि दुसऱ्या बाजूला 1.0 खोदलेलं. मामांनी तार बोटांत धरली आणि ट्रिगर दाबायला लावला. तार अडखळत नव्हती. टॉर्चही यूरो कनेक्टरची, म्हणजे खराब झाली तर अख्खं मशीन टेम्पोत घालायला नको. त्या मशीनला डिजिटल पडदा नव्हता, नुसती दोन बटणं: एक व्होल्टेजचं, एक तारेच्या वेगाचं. मामा म्हणाले, ''हे माणसावाणी हाय.'' सौदा तिथेच ठरला.

आता फाळका आला की धाकटं पुढे होतं. गंजाला ग्राइंडरचा एक हात मारला, अर्थिंगचा चिमटा लावला की चर्र करून काम सुरू. ठिणग्या उडतात, पत्र्यावर दाणे चिकटतात, टाका काही कपाटात ठेवण्यालायक नसतो. पण धरतो, आणि ट्रॉली दुपारच्या आत कारखान्याच्या रांगेत असते. थोरलं कोपऱ्यात एसएसचं काम करतं, पंखा बंद ठेवून. फक्त दोघं एकाच वेळी सुरू झाले, की पंख्याचा वारा कोणाच्या मर्जीनं चालायचा यावरून वर्कशॉपात रोज तंटा होतो.

ज्याच्याकडे मोठं टिग आहे, त्याला माझं एवढंच सांगणं आहे. थोरल्याला जे येतं ते धाकट्याकडून मागू नका आणि त्याचे पैसेही मोजू नका. धातूचे रोलर, 0.8ची तार, पाच किलोचा स्पूल, बदलता येणारी टॉर्च, वेगळा सीओटू सिलिंडर आणि गावातच मिळणारा दुरुस्तीवाला, एवढं बघा. आणि दुकानदाराला विचारा, ड्युटी सायकल किती आणि कुठल्या करंटला? उत्तरात त्यानं डिस्काउंट सांगितला, तर चहा पिऊन पुढच्या दुकानात जा.