एकबोर्डव्रती

अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात, मसालेभाताच्या रांगेत, हा इसम हमखास भेटतो. सप्टेंबर चालू असतो, बर्फाला अजून दोन-अडीच महिने अवकाश असतो, आणि हा हातातली कागदी ताटली सावरत पुढच्याला विचारत असतो, की कार्व्हिंगलाही चालेल आणि पार्कलाही चालेल असा एखादा स्नोबोर्ड आहे का. पुढचा बिचारा कोशिंबीर वाढून घेत असतो. सिएटल, डेन्व्हर, सॅन फ्रान्सिस्को अशा, शनिवारी पहाटे निघून डोंगर गाठता येणाऱ्या शहरांच्या आसपास हा नमुना विशेष आढळतो. त्याला आपण एकबोर्डव्रती म्हणू. व्रत असं, की बोर्ड एकच घ्यायचा आणि त्याच्याकडून दोन्ही कामं करून घ्यायची. सकाळी यंत्राने दाबून सपाट केलेल्या कडक उतारावर बोर्ड कडेवर कलवून, जराही न फरफटता, खोल वळणं कापायची. दुपारी पार्कमध्ये, म्हणजे करामतींसाठी राखलेल्या भागात, जाऊन लोखंडी रेलवरून सरकायचं, किकरवरून, म्हणजे बर्फाच्या रचलेल्या चढावरून, उडायचं आणि जमल्यास उलट्या तोंडाने उतरायचं. हे व्रत करणारे जर्मनही असतात आणि जपानीही. पण सोफा-कम-बेडवर वाढलेल्या माणसाला ते पाळणं जड जात नाही, एवढं खरं.

त्याच्या मागणीत गैर काही नाही. दोन्ही कामं बऱ्यापैकी करणारे बोर्ड दुकानात भिंतभर टांगलेले असतात. माझा आक्षेप वेगळा आहे. बोर्डाचं बहुगुणीपण विकत घेतल्या दिवशी शाबूत असतं. त्यानंतर वापरणारा ते कुठल्या तरी एका बाजूने खर्च करत जातो. मार्च उजाडेपर्यंत तो बोर्ड एक तर कार्व्हिंगचा झालेला असतो किंवा पार्कचा. तेव्हा ‘दोन्ही करणारा बोर्ड कोणता’ हा प्रश्न सोपा आहे. अवघड प्रश्न ‘मी यातलं जास्त काय करतो’ हा आहे, आणि तो विचारावा लागू नये म्हणून एकबोर्डव्रती पहिला प्रश्न जिवंत ठेवतो.

जिवंत ठेवण्याचं साधन म्हणजे त्याचा तक्ता. त्यात पंचवीस-तीस बोर्ड उभे आणि त्यांचे गुणधर्म आडवे असतात. कडकपणाच्या रकान्यात १ ते १० आकडे भरलेले असतात आणि ५ घ्यावा की ६ यावर रात्री जागवल्या जातात. हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या मनाने देते, त्यांना सामाईक मोजपट्टी नाही, एका कंपनीचा ५ दुसरीच्या ७ इतका ताठ निघू शकतो, हे त्याला कुणी सांगितलं तर तो त्यासाठी नवा रकाना काढतो. पुढचा रकाना बोर्डाच्या कडेच्या वक्राचा. तिथे ७.६ मीटर आणि ७.९ मीटर त्रिज्येच्या दोन बोर्डांत आठवडेच्या आठवडे झुंज लागलेली असते. आता हा गृहस्थ बहुधा इंजिनिअर असतो, बारावीला त्याने त्रिकोणमिती घोटलेली असते. कडक बर्फावर कापलेल्या वळणाची त्रिज्या ढोबळमानाने कडेच्या वक्राची त्रिज्या गुणिले कलाच्या कोनाचा कोसाइन इतकी येते. म्हणजे ८ मीटरचा बोर्ड ६० अंश कलवला तर वळण ४ मीटरचं. या हिशेबाने ७.६ आणि ७.९ मधला सगळा फरक, ४५ अंशांच्या आसपास, बोर्ड आणखी दोनेक अंश कलवला की संपतो. दोन अंशांसाठी गुडघे किंचित जास्त वाकवावे लागतात. तक्त्यात गुडघ्यांचा रकाना नसतो.

दोन्ही कामांना अगदी सारखा असा बोर्ड इतिहासात एकच झाला. १९६५ साली मिशिगनमधल्या मस्केगन गावी शर्मन पॉपेन यांनी मुलींना खेळायला दोन स्की एकत्र जोडून दिल्या. तेच खेळणं पुढे ‘स्नर्फर’ या नावाने विकलं गेलं. त्याला बूट अडकवायचं बाइंडिंग नव्हतं, पोलादी कड नव्हती, नाकाला धरायला फक्त एक दोरी होती. त्याच्यावर धड कार्व्हिंग होत नसे आणि रेलवर चढायचा तर प्रश्नच नव्हता, त्यामुळे समतोल परिपूर्ण होता. त्यानंतर १९७७ साली व्हरमाँटमध्ये जेक बर्टन कारपेंटर बोर्ड बनवू लागले, कॅलिफोर्नियाकडून टॉम सिम्स स्केटबोर्डचे संस्कार घेऊन आले, बाइंडिंग आलं, पोलादी कडा आल्या, आणि बोर्ड सुधारत गेला तसतसा तो दोन दिशांना फाकत गेला. १९९८ साली नागानोच्या ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डिंगने पदार्पण केलं तेच वळणांच्या शर्यतीचा जायंट स्लॅलम आणि उड्यांचा हाफपाइप अशा दोन वेगळ्या स्पर्धांनी. रेल आणि उड्यांचा स्लोपस्टाइल हा प्रकार २०१४ ला सोचीत आला. आज शर्यतीचा पुरुषांचा बोर्ड साधारण १८५ सेंटिमीटर लांब, कमरेत अरुंद, ताठ, आणि त्याच्यावर कडक प्लास्टिकचे बूट. स्लोपस्टाइलचा बोर्ड त्याहून तीसेक सेंटिमीटरनी आखूड, दोन्ही टोकांना सारखा, लवचीक, आणि त्याच्यावर मऊ बूट. ही दोन अवजारं शेजारी शेजारी उभी केली तर ती एकाच खेळाची आहेत हे सांगावं लागतं.

यावर एकबोर्डव्रतीचं उत्तर तयार असतं: आता तंत्रज्ञान पुढे गेलंय. त्याचा रोख बोर्डाच्या बाकावर असतो. साधा कॅम्बरचा बोर्ड जमिनीवर ठेवला तर मध्ये उचललेला दिसतो. वर माणूस उभा राहिला की तो दबतो आणि कडेचा दाब टोकांपर्यंत पोचतो, म्हणून कडक बर्फावर पकड चांगली मिळते. रॉकरचा बोर्ड याच्या उलट, मध्ये टेकलेला आणि टोकांना वर. तो सहज फिरतो, चुका पोटात घालतो आणि कडक बर्फावर सैल पडतो. या दोहोंच्या मिश्रणाचे आता डझनभर प्रकार निघाले आहेत आणि त्यातले काही खरोखर उत्तम आहेत. पण मिश्रणाने तडजोडीची जागा सरकते, तडजोड मिटत नाही. टोकं उचलली तेवढी कड बर्फावरून उठली. ती पुन्हा बर्फावर टेकवायला कुठल्याही कंपनीचं छापील पत्रक उपयोगी पडत नाही.

आणि खरा बखेडा बाकात नाहीच, तो कडेत आहे, ज्या कडेच्या धारेला तक्त्यात रकाना नाही. कार्व्हिंगसाठी पोलादी कड धारदार लागते. त्यासाठी बाजूची कड ९० अंशांहून एखाद-दोन अंश कमी ठेवून घासतात, म्हणजे ती घट्ट बर्फात रुतते. रेलवर जाणारा नेमकं उलट करतो. कड रेलमध्ये अडकली तर माणूस आडवा होतो, म्हणून तो दोन पायांमधली आणि टोकांजवळची कड कानस मारून मुद्दाम बोथट करतो. एकाच कडेला एकाच आठवड्यात धार लावायची आणि धार मारायची, हे कुठलं तंत्रज्ञान जमवणार? धार पुन्हा लावता येते, पण दरवेळी थोडं पोलाद जातं, आणि पोलादाची पट्टी काही मिलिमीटरांचीच असते. शिवाय रेल स्वतःहूनही कड बोथट करतं, क्वचित तडकवतं, तळाला चरे पाडतं. म्हणजे मालकाने काही ठरवलं नाही तरी पार्क त्याच्या वतीने ठरवून टाकतं. तीच गत पायांच्या कोनांची. पार्कमध्ये दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला वळवून, अधिक १५ आणि उणे १५ असे, उभं राहतात, म्हणजे उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी सारखंच जाता येतं. कार्व्हिंगचे दर्दी अनेकदा दोन्ही पाय पुढच्या दिशेला वळवतात. दुपारी बदल करायचा तर उणे दहा तापमानात हातमोजे काढून स्क्रू सोडवावे लागतात. एकबोर्डव्रती खिशात स्क्रूड्रायव्हर बाळगतो, तो लिफ्टच्या रांगेत इतरांना दाखवतो, आणि मोसमभर कोन आहेत तेच ठेवतो.

आता त्याच्या बाजूचे आक्षेप, जे मला हलके वाटत नाहीत. जपानमध्ये सपाट केलेल्या उतारावर कार्व्हिंग करता करताच बोर्ड नाकावर, शेपटीवर नाचवून गिरक्या घेणाऱ्यांची एक अख्खी शैली आहे, आणि ती मंडळी एकाच बोर्डावर दोन्ही करतात. खरं आहे, पण त्या शैलीत रेल नाही. गिरक्या बर्फावरच होतात, त्यामुळे कड शाबूत राहते. म्हणजे हा दाखला माझ्याच बाजूने पडतो. दुसरा आक्षेप असा, की थोर खेळाडू काहीही करू शकतात, आणि इथे एस्टर लेडेत्स्काचं नाव येतं. चेक प्रजासत्ताकाच्या या बाईंनी २०१८ साली प्योंगचांगला स्कीइंगची सुपर-जी शर्यत ०.०१ सेकंदाने जिंकली आणि त्याच ऑलिंपिकमध्ये स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलमचंही सुवर्णपदक घेतलं. अद्भुतच. मात्र एका शर्यतीला त्या स्कीवर होत्या आणि दुसरीला बोर्डवर. एकाच अवजारावर भागवावं असं त्यांना सुचलं नाही. तिसरा आक्षेप पैशांचा आणि जागेचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. दोन बोर्ड, दोन बाइंडिंग, भाड्याच्या घरातलं एक कपाट आणि विमानाच्या सामानाचं वजन, हे गणित कुणाचंच सुटत नाही. म्हणून बोर्ड एकच घ्यावा. माझं भांडण संख्येशी नाही. घेतल्यावर तो दोन असल्याची समजूत करून घेण्याशी आहे.

समजूत खरी की खोटी हे तपासणं अगदी सोपं असतं, कारण बर्फावर पुरावा राहतो. कार्व्हिंगचं वळण मागे बारीक, खोल चर सोडतं. फरफटलेलं वळण हातभर रुंद, खरवडलेला पट्टा सोडतं. एकबोर्डव्रतीच्या मागे पट्टा असतो. पार्कमध्ये तो असतो जरूर, पण किकरच्या बाजूला, हेल्मेटचा पट्टा आवळत, बारा-तेरा वर्षांच्या पोरांना पुढे जाऊ देत. त्याच्यावर हसायचं कारण नाही, चाळिशीत गुडघे जपणं शहाणपणाचं आहे. पण जो माणूस दिवसाचे सहा तास मोकळ्या उतारावर फरफटतो आणि पंधरा मिनिटं पार्कच्या कडेला उभा असतो, त्याने पंधरा मिनिटांसाठी बोर्डाचा निम्मा स्वभाव राखून ठेवायचा, हा हिशेब एरवी डॉलरचे रुपये करून भाजी घेणाऱ्या माणसाला शोभत नाही.

तेव्हा निवाडा असा. ज्याला खरोखर अर्धा दिवस रेलवर घालवायचाय, त्याने दोन्ही टोकांना सारखा, मऊ बोर्ड घ्यावा, कडा बोथट कराव्यात आणि कडक बर्फाच्या सकाळी उशिरा उठावं. बाकी बहुसंख्यांनी कार्व्हिंगकडे झुकावं: दोन्ही टोकांना सारखा किंवा जवळजवळ सारखा, मध्यम ताठ, कॅम्बरचा बोर्ड. कारण मध्यम ताठ बोर्डावरून छोट्या-मोठ्या उड्या सहज होतात, किकरकडे जातानाही कड सरळ धरून ठेवावीच लागते. उलट मऊ, उचललेल्या टोकांच्या बोर्डाला कडक उतारावर पकड आणता येत नाही. लांबी हनुवटीला लावून मोजू नये, आपलं वजन कंपनीच्या कोष्टकात बघावं, आणि बूट मोठे असतील तर रुंद बोर्ड घ्यावा, नाहीतर कलल्यावर बुटाची टोकं बर्फाला घासतात. खरेदी मार्च-एप्रिलच्या सेलमध्ये करावी. पुढच्या मोसमाच्या नव्या मॉडेलात पुष्कळदा फक्त चित्र बदललेलं असतं. आणि सगळ्यात आधी बूट घ्यावेत, तेही दुकानात जाऊन, संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही पायांत घालून.