रात्रीची दाढ

घ्या वहिनी, कढीपत्ता हवा तेवढा तोडा, फांदी तुमच्याच बाजूला झुकलीय. पण आधी सांगा, रात्री अडीचला तुमच्या स्वयंपाकघरात डबे कोण वाजवत होतं? भाऊजी? लवंगा शोधत होते! अहो, मग मला हाक मारायची. मी जागीच होते, आमच्या ह्यांच्या घोरण्याने झोप कुठली लागायला. कुठली दाढ? खालची, अक्कलदाढेच्या अलीकडची? आणि आडवं झालं की ठणका, उठून बसलं की जरा बरं. असंच ना?

मला कसं कळलं? माझी भाची नाही का, कामोठ्याला बीडीएस करते ती. शेवटचं वर्ष. गणपतीत मोदक खायला येते आणि जाताना घरातल्या सगळ्यांचे जबडे उघडून बघून जाते. ती सांगते, दाताच्या आतली नस चारी बाजूंनी कडक भिंतींत कोंडलेली. बोट सुजलं तर फुगायला जागा असते, हिला नाही. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि आत नुसता कुकर होतो. म्हणून रात्री दाढ दुखली तर पहिलं काम काय, तर दोन उशा घ्यायच्या. लवंग नंतर.

लवंगेने बरं वाटतं ते खरंच आहे हो. तिच्यात युजेनॉल असतं, दातांच्या दवाखान्यात शिरल्या शिरल्या जो वास येतो ना, तोच. पण कापसाला एखादा थेंब लावून दाढेच्या खड्ड्यात ठेवायचा. बाटली उपडी केली तर हिरडी भाजते. पनवेलकरांना तेला-काढ्यांचा अभिमान असणारच म्हणा. आयुर्वेदिक औषधांचं धूतपापेश्वर आपल्याच गावचं, १८७२ सालचं, कृष्णशास्त्री पुराणिकांनी काढलेलं. पण तेलाने ठणका झोपतो, पोखरलेली दाढ भरून येत नाही. आमच्या सासूबाई तर मशेरी दाबायच्या. दाढ गेली, मशेरी राहिली.

आणि ती अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेशी धरून ठेवायची पद्धत! मागच्या गल्लीतल्या आजींनी तेच केलं. सकाळी गालाच्या आत पांढरा चट्टा, जळालेला. गोळी पोटात जाऊन काम करते, हिरडीवर ठेवून नाही. भाऊजींनी कुठली घेतली? पॅरासिटामॉल, ते ठीक आहे. आयब्युप्रोफेनवाली मात्र अल्सर, किडनी किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्याने न विचारता घ्यायची नाही. शिवाय पावसाळ्यात अंगात ताप असेल तर मुळीच नाही, डेंगी निघाला तर पंचाईत. आपल्याकडचे डास तुम्हाला माहीतच आहेत.

काय? मुलीच्या खोकल्याची उरलेली अँटिबायोटिकही घेतली? अगंबाई! अहो, नस सुजलेली असते तेव्हा अँटिबायोटिकने दुखणं कमी होत नाही. दाढ उघडून आतलं काढावं लागतं, नाहीतर दाढच काढावी लागते. उरलेल्या चार गोळ्यांनी फक्त जंतू शहाणे होतात. भाचीला सांगितलं तर ती भाऊजींना इथे भिंतीपाशी उभं करून झापेल.

नुसती दाढ दुखते म्हणून रात्री अडीचला कुणी रूट कॅनल करून देणार नाही, वहिनी. रात्र काढायची असते. गाल गरम शेकायचा नाही, बर्फ रुमालात गुंडाळून बाहेरून दहा-पंधरा मिनिटं लावायचा. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ भरायची. पण काही गोष्टींना सकाळपर्यंत थांबता येत नाही, आणि त्याच गोष्टींना लोक थांबतात. ठणक्याने घर डोक्यावर घेतात नि सूज आली की म्हणतात, बघू उद्या.

कळंबोलीचे ह्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ. ऐन गणपतीत दाढ दुखायला लागली, म्हणाले विसर्जन होऊ दे. मग दुखायचं थांबलं. गृहस्थ खूश. चार दिवसांनी हनुवटीखाली सूज, दोन्ही बाजूंना, हाताला दगडासारखी कडक. जीभ वर ढकललेली, तोंडात बटाटा धरल्यासारखं बोलणं, स्वतःची लाळ गिळता येईना. बायको हुशार, ती दातांचा डॉक्टर शोधत बसली नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत घेऊन गेली. रात्रीच ऑपरेशन करून पू काढला, श्वासासाठी नळी, आयसीयू. त्याला लुडविग्ज अंजायना म्हणतात. अंजायना म्हटल्यावर मला वाटलं हृदयाचं काहीतरी, पण हा घशाचा. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये लिहून ठेवलाय. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा यातले निम्म्याहून अधिक जायचे. आणि होतो कशाने, तर बहुतेक वेळा खालच्या मागच्या दाढांनी. त्यांची मुळं इतकी खोल की पू थेट जिभेखाली, मानेकडे उतरतो. घाबरवत नाही तुम्हाला, पण भाऊजींची दाढ त्याच रांगेतली.

म्हणून रात्री टॉर्च लावून हेच बघायचं. सूज जबड्याखाली किंवा डोळ्याकडे चाललीय का, ताप आहे का, तोंड दोन बोटं तरी उघडतंय का, गिळता येतंय का. यातलं काही बिनसलं असेल तर लवंग राहू दे, रिक्षा बोलवा. आपल्याला खांदेश्वर ओलांडलं की कामोठं, एमजीएम हॉस्पिटल तिथेच. दातांच्या कॉलेजची ओपीडी दिवसाची असते, कामोठ्याची काय नि खारघरच्या वायएमटीची काय. रात्री जायचं ते मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत, आणि गेल्या गेल्या विचारायचं, ओरल सर्जन ऑन कॉल कोण आहे? श्वासच अडकत असेल तर रिक्षाही नको, १०८.

आता ते दुसरं ऐका, तुमच्या कानावर नसेल आलं. वडाळे तलावावर रोज फिरायला येणारे ते उंच काका होते ना, टोपीवाले. त्यांना चढ आला की डाव्या जबड्यात दुखायचं, थांबलं की राहायचं. दोन दिवस मिठाच्या गुळण्या केल्या. तिसऱ्या दिवशी घाम फुटला तेव्हा मुलगा सावध झाला. दाढ नव्हतीच, हृदय होतं. दात चावल्यावर, गार-गरम लागल्यावर दुखतो. जिना चढल्यावर दुखत असेल तर तो दात नाही.

थांबा, गॅस बारीक करून येते.

हं. कोपऱ्यावरच्या घरातल्या पोराचं तरी कळलं ना? रविवारी दुपारी मैदानात बॅट लागली आणि पुढचा दात मुळासकट बाहेर. अकरा वर्षांचा पोरगा, दात पक्का. आई रडतेय, बाकीची पोरं पळाली. माझी भाची नेमकी जेवायला आलेली. तिने सगळ्यांना मैदानात वाकायला लावलं, आधी दात शोधा! सापडला मातीत. मुळाला हात न लावता पांढऱ्या टोकाला धरला, माती होती ती नळाच्या पाण्यात नुसती विसळली. आजी पदराने घासायला निघाली होती, तिचा हात धरला. मुळावर नाजूक पेशी असतात, त्यांच्यामुळेच दात परत धरतो. खरं तर तिथल्या तिथे खळग्यात बसवून रुमाल चावायला द्यायचा, पण पोरगा तोंड उघडेना. मग आमच्या फ्रिजमधलं गार दूध वाटीत, त्यात दात, आणि वाटी घेऊन स्कूटरवर. पाण्यात ठेवला तर पेशी फुगून मरतात, कागदात गुंडाळला तर सुकून. अर्ध्या तासात पोचलं तर उत्तम, तासाच्या पुढे आशा कमी होत जाते.

रविवारी कुठला डॉक्टर, म्हणता? फोन केला. मी तेच तर सांगतेय, आपल्याकडे दातांचे बरेच डॉक्टर दवाखान्याच्या वर नाहीतर दोन गल्ल्या सोडून राहतात. पाटीवर रविवार बंद लिहिलेलं असतं, खाली मोबाइल नंबर असतो, पण आपण पहिली ओळ वाचून परत फिरतो. डॉक्टरांनी जेवण अर्धं टाकून शटर वर केलं. दात बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारलं. टिकेल की नाही ते पुढे कळेल. हे सगळं पक्क्या दाताचं हं. लहान मुलाचा दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही, खालच्या दाताला इजा होते.

कवळीचं एका वाक्यात सांगते, फेविक्विक लावू नका. तुटलेले तुकडे डबीत घालून न्यायचे.

आणि दाढ काढल्या दिवशी रात्री रक्त येतं ना, त्याला लोक उगीच घाबरून सारखे थुंकत नि चुळा भरत बसतात. मग गाठच धरत नाही. स्वच्छ गॉजची घडी त्या जागेवर दाबून वीस-तीस मिनिटं चावून बसायचं, मध्ये उघडून बघायचं नाही. लाळेत मिसळून थोडंही रक्त भरपूर दिसतं. दोनदा असं करूनही वाहतच राहिलं, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या, तर कॅज्युअल्टी.

खरी अडचण रात्रीची नाहीच वहिनी, दुपारची आहे. दवाखाना दहा ते एक, मग पाच ते नऊ. दुपारी एक ते पाच अख्ख्या पनवेलमध्ये फक्त दाढ जागी असते. म्हणून म्हणते, आता नऊ वाजलेत, भाऊजींना आंघोळीला पिटाळा आणि दहाला शटर उघडायच्या आत नंबर लावा. जुन्या पनवेलला जायचं असेल तर रुळापलीकडे, त्या पुलावरच्या गर्दीचा अर्धा तास धरा.

काय? दुखायचं थांबलं म्हणतात? कधीपासून? पहाटे पाचपासून एकदम? गार पाणी लावलं तरी काही नाही?

अहो भाऊजी! जरा गॅलरीत या. ऐका, थांबलंय म्हणजे बरं झालेलं नाही. नस मेली असेल आत. आता दुखणार नाही, पण जंतू मुळाच्या टोकाने खाली उतरत राहतील. त्या कळंबोलीवाल्यांचंही असंच थांबलं होतं. नाही हो, मी डॉक्टर नाही, पण माझी भाची आहे. तिला फोन लावू? नको ना? मग शर्ट घाला.

काय म्हणाले, वहिनी? इथून ऐकू नाही आलं.

जेवून जातो म्हणतात? दीडला?