ओपन स्पेसमधलं कोहळं

मोठा लेआउट पाडला की 10 टक्के जागा ओपन स्पेस म्हणून सोडावी लागते. अमरावतीत त्या जागेवर आधी गाजरगवत येतं, मग कोणाची तरी उरलेली रेती, मग डुकरं आणि शेवटी मंदिराची वर्गणी. आमचं प्रकरण डुकरांपर्यंत आलं होतं, तेव्हा अकोल्याचे साडूभाऊ मुक्कामाला आले. 1969 साली कृषी विद्यापीठ अकोल्याला झालं, तेव्हापासून तमाम अकोलेकर स्वतःला जन्मजात कृषिपदवीधर समजतात. साडूभाऊ बी.कॉम.; पण विद्यापीठाची शिवारफेरी चुकवत नाहीत. त्यांनी फर्मावलं, "इथं नाडेप बांधा अन् भाजीपाला लावा!"

नाडेप आपल्या वऱ्हाडातलंच. पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी, म्हणजे नाडेपकाकांनी, हे विटांचं टाकं काढलं. 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. हवा खेळावी म्हणून भिंतीला भोकं. आत काडीकचरा, शेणकाला, माती यांचे थर आणि वरून लिंपण. बारा वर्षांनी उकंड्याचंही नशीब फळफळतं म्हणतात. काकांनी ती मुदत 4 महिन्यांवर आणली.

आम्हीही टाकं बांधलं. अडचण एकच. टाकं एकदोन दिवसांत भरून लिंपायचं असतं, रोज मूठमूठ टाकायचं नसतं. म्हणून घरोघरच्या बादल्या आधी शेजारच्या ढिगावर रित्या होऊ लागल्या, तेही सगळ्यांदेखत, आणि लेआउटच्या अब्रूलाच भोकं पडली. शुगरवाल्या सरांच्या बादलीत आलूच्या सालींखाली पेढ्याचा पुठ्ठा! कांदेनवमी होऊन पंधरवडा लोटला तरी कडक चातुर्मासवाल्या काकूंकडून कांद्याची सालं! कोणी काही बोललं नाही. सगळ्यांनी फक्त पाहून ठेवलं.

पावसात त्याच ढिगातून कोणी न लावता कोहळ्याचा वेल निघाला आणि टाक्यावर चढला. ढिगाला वास येत होता तोवर तो "तुमचा कचरा" होता. वेलाला कोहळं धरलं तसे मालक उपटले. शेवटी सभा बोलवावी लागली.

"बी आमच्या घरचं व्हय," एक भाऊ म्हणाले.

"काहून भाऊ, तुमी तं कोहळं खातच नाही!"

"खात नाही म्हणूनच तं फेकलं ना!"

प्रकरण वाटणीवर आलं. कोहळ्याची बोंडं करून सगळ्यांनी खावीत, असा ठराव मी मांडला. त्याला अनुमोदन मिळेना. तेवढ्यात काकू पदर खोचून उभ्या राहिल्या.

"बी कोणाचंबी असो बाप्पा, वेल तं आमच्याच कांद्याच्या सालींवर पोसला!"