बिनपडद्याचा बेस

"अहो काकू, ऐकलंत का? धाकट्यानं गिटार आणलीय. गिटार कसली, धूड आहे नुसतं! आणि पडदेच नाहीत तिला. म्हटलं, फसवलं रे तुला दुकानदारानं. तर म्हणतो, आई, सरोदला तरी कुठे असतात पडदे?"

"फ्रेटलेस अकूस्टिक बेस तो. माझ्या भाच्याकडे आहे ना! त्याचं लग्न जमेना त्यापायी, ते जाऊ दे. तारा कुठल्या चढवल्यात?"

"फॉस्फर ब्राँझच्या, दुकानातून आल्या त्याच. आवाज खणखणीत, पण बोट सरकलं की कर्रर्र होतं. माझ्या तर दाढा शिवशिवतात."

"दाढा राहू द्या, पट्टी बघा आधी. पडदे असले की तार पडद्यावर टेकते. इथे थेट लाकडावर. गोल वेढ्याची तार म्हणजे कानसच की. मींड घेतली की घासली. शिसवी पट्टी असेल तर चरे पडलेच समजा."

"पण त्याचा तो देव, जॅको पास्टोरियस, गोल वेढ्याच्याच लावायचा म्हणे."

"लावायचा ना, रोटोसाउंडच्या! पण त्याचा बेस इलेक्ट्रिक, फेंडरचा. पडदे काढून खाचा बुजवल्या आणि वर होड्यांना लावतात तसलं इपॉक्सी थापलं होतं पट्टीवर. तुमच्याकडच्या पट्टीला साधा तेलाचा हात तरी लागलाय का?"

"मग सपाट तारा?"

"फ्लॅटवाउंड? पट्टीला बऱ्या. मोटाउनचा जेम्स जॅमर्सन त्याच वाजवायचा, आणि तुटल्याशिवाय बदलायचा नाही म्हणतात. कंजूष मेला! पण बऱ्याच सपाट तारांचा ताण दांडगा असतो. अकूस्टिकचं पोट पातळ, घोडी उचलली गेली म्हणजे?"

"मग काय सुतळी लावू?"

"काळ्या नायलॉनच्या घ्या. टेपवाउंड म्हणायचं. आत पोलादी गाभा, त्यावर धातूचा वेढा, वरून नायलॉनची फीत. ला बेलाच्या मिळतात, डीॲडारिओच्या मिळतात. पट्टी शाबूत, कर्रर्र बंद, आवाज उभ्या डबल बेसकडे झुकतो. खणखणाट जातो, वायर न लावता वाजवलं तर आवाजही दबतो, ते खरं. पण तुम्हाला तेच हवंय ना?"

"मला हवंय हो! त्याला ते 'म्वाँ' पाहिजे."

"मिळेल की. ते निम्मं पट्टीतच असतं. दाबलेली तार पुढच्या लाकडाला ओझरती लागत थरथरते, तंबोऱ्याच्या जवारीसारखीच. मिरजेचे कारागीर घोडी घासून घासून तेच तर जमवतात. पट्टी नीट असावी, तार खाली असावी. मात्र घेण्याआधी नटापासून घोडीपर्यंत लांबी मोजा. कुठे 34 इंच असते, कुठे 32, कुठे 30. नायलॉनची जाड तार नटाच्या खाचेत बसत नसेल तर खाच कारागिराकडून रुंद करून घ्या. धाकट्याच्या हातात कानस देऊ नका. आणि तार आधी खुंटीपाशी काटकोनात वाकवायची, मग पुढचं टोक कापायचं. नाहीतर आतला वेढा सुटतो."

"महाग असतील."

"ब्राँझपेक्षा असतात. पण पट्टी तासून घ्यायला काय पडतं ते विचारा एकदा."

"आणि या ब्राँझच्या? नव्याकोऱ्या आहेत हो."

"भाच्याला द्या. त्याचा दुसरा बेस पडद्यांचा आहे, तिथे वाजू देत खुशाल. पैसे मात्र आधी घ्या त्याच्याकडून."