निर्मनुष्य

पन्नाशी उलटली की माणूस एकतर गुडघ्यांविषयी बोलू लागतो, नाहीतर कॅमेरा घेतो. मी दोन्ही एकाच दिवाळीत केलं. त्यामुळे डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत, मी एका गुडघ्याला पट्टा बांधून आणि पाठीवर दहा किलोंचं ओझं घेऊन उभा होतो, याचं घरी कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. ‘जाऊन या, पण कड्याच्या जवळ जाऊ नका,’ एवढंच बायको म्हणाली. कड्याच्या जवळ जाण्याचेच तर मी पैसे भरले होते.

हिवाळी लँडस्केप फोटोग्राफी ट्रेक, मार्गदर्शकासह, जेवणखाण धरून. मार्गदर्शक दोन निघाले. एक आमचे सर. वय तिशीचं, पण सगळे, मीसुद्धा, त्यांना सर म्हणत होतो. दुसरे मामा. ते पाचनईचेच. अंगात पांढरा सदरा, त्यावर मुलाचा शाळेचा लाल स्वेटर, आणि पायांत चपला. आमच्या बुटांकडे ते ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं मी लग्नातल्या घोड्याकडे बघतो.

निघण्याआधी सरांनी व्याख्या सांगितली. लँडस्केप म्हणजे माणूस वगळून जे उरतं ते. चौकटीत माणूस आला, की बघणाऱ्याची नजर तिकडेच जाते, डोंगर मागे पडतो. ‘तेव्हा मंडळी, फ्रेम निर्मनुष्य पाहिजे.’ मंडळींनी माना डोलावल्या. मामांनी आमच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘अठरा.’

पाचनईची वाट सोपी आहे असं सगळे म्हणतात. मी यावर काही बोलणार नाही. हिवाळ्यात या वाटेवर एक गोष्ट मात्र फुकट मिळते, ती म्हणजे कुसळं. पावसाळ्यात ज्या हिरव्या गवताचे फोटो सगळं जग काढतं, ते डिसेंबरात सोनेरी होतं आणि आपल्या बियांची टोकं तुमच्या मोज्यांत खुपसून पुढच्या पिढीची सोय लावतं. एक कुसळ उपटावं तर निम्मं मोज्यात राहतं आणि निम्मं बोटात जातं. सर म्हणाले, तिरप्या उन्हात हे गवत काय पेटतं बघा. ते खरंच पेटलं होतं. मी खाली बसून ते बघत होतो. बसलो होतो कुसळं काढायला, हा भाग वेगळा.

हिवाळाच का, हेही सरांनी चालता चालता सांगितलं. जूनमध्ये सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो आणि डोंगर सपाट दिसतात, पोळपाटावर कणीक थापल्यासारखे. 21 डिसेंबरच्या सुमारास तोच सूर्य इथे बारा-साडेबारालाही 47 अंशांच्या वर चढत नाही. त्यामुळे सावल्या दिवसभर लांब राहतात आणि प्रत्येक घळ, प्रत्येक सोंड उठून दिसते. हे ऐकून सूर्याच्याही गुडघ्यांत काहीतरी झालं असावं असं वाटून मला बरं वाटलं.

संध्याकाळी कोकणकड्यावर पोचलो. कोकणकड्याचं वर्णन करायला बसलेला माणूस हटकून हात वापरतो, कारण तो कडा नुसता सरळ तुटलेला नाही, तर आत वळलेला आहे, फणा काढलेल्या नागासारखा. आणि वरून पाहिलं तर त्याची कड घोड्याच्या नालासारखी वाकडी. फोटोग्राफरच्या दृष्टीनं या वाकडेपणात एक अडचण आहे. कुठेही उभं राहा, समोरच्या कडेवर दुसरा फोटोग्राफर दिसतोच. सतरा जणांनी सतरा तिकाटण्या रोवल्या आणि एकान्ताचे फोटो काढायला गर्दी केली. मग आरडाओरडा सुरू झाला. नावं कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून कपड्यांवरून पुकारा. ‘ओ पिवळं जर्किन, जरा मागे!’ ‘निळी टोपी, खाली बसा!’ थोड्या वेळानं ‘ओ माकडटोपी!’ अशी हाक आली. मी कुतूहलानं इकडेतिकडे पाहिलं आणि मग खाली बसलो.

बसताना लेन्सचं झाकण निसटलं. दोनदा उडालं आणि कोकणात गेलं. ‘पावसाळ्यात वर येतं परत,’ मामा म्हणाले. पावसाळ्यात दरीतून असा वारा उसळतो, की टाकलेली हलकी वस्तू माघारी येते. ‘आत्ता न्हाई यायचं.’ तरी मी मिनिटभर वाट पाहिली.

सूर्य बुडाला. सतरा कॅमेऱ्यांनी तो बुडवला. मामा त्या सगळ्या वेळात दरीकडे पाठ करून, अगदी कडेच्या आतल्या बाजूला, आमच्याकडे तोंड करून उभे होते. कुणी व्ह्यूफाइंडरला डोळा लावून एक पाऊल पुढे सरकला, की मामा दोन पावलं आडवे येत. सतराच्या सतरा फोटोंत ते होते. ‘मामा, जरा बाजूला!’ असं सर चार वेळा म्हणाले. मामा चारही वेळा ‘हां हां’ म्हणाले.

रात्री पिठलं-भाकरी झाली, आणि ते पिठलं इतकं झणझणीत होतं, की थंडी कुठे आहे ते पाच मिनिटं सापडेना. नंतर तारे. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून प्रत्येकाने आपापली बॅटरी काखेत धरली होती. सतरा माणसं ताप मोजत बसल्यासारखी दिसत होती. ध्रुव शोधायची सोपी युक्ती सरांनी शिकवली. उत्तरेला हात ताठ करून क्षितिजावर मूठ धरायची, तिच्यावर दुसरी मूठ ठेवायची, की ध्रुव. कारण एक मूठ म्हणजे साधारण दहा अंश, आणि आपण एकोणीस अक्षांशाच्या थोडे वर. सगळा कंपू अंधारात हवेत मुठी रचत उभा राहिला. पलीकडे मृग आणि त्याच्या मागे व्याध चढत होते. मामांनी शेकोटीत लाकूड सारलं, आमच्यावरून बोट फिरवलं आणि झोपायला गेले.

सकाळ सातनंतर होते, तरी आम्हांला पाचला उठवलं. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा इथे सूर्योदय दिसत नाही. दिसते ती गडाची सावली. खाली कोकणावर आपल्या डोंगराची अजस्र निळी सावली पडलेली असते आणि सूर्य वर येईल तशी ती आखडत आखडत पायथ्याकडे येते. त्या सावलीत बेलपाड्याच्या बाजूला एक चूल पेटली असावी. धुराची बारीक रेघ सरळ वर आली आणि मध्येच, छताला टेकावी तशी, आडवी पसरली. रात्री थंड हवा दरीत बसते, तिच्यावर ऊब झाकणासारखी राहते, आणि धूर त्याच्या वर जाऊ शकत नाही. बघता बघता दुसरी रेघ आली, तिसरी आली, आणि सगळ्या एकाच उंचीवर वळल्या. याचा फोटो नीट येत नाही. मी बारा काढले.

इंद्रवज्र दिसेल या आशेवर सर होते. इथला सर्वांत मोठा मान तो. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचा दख्खनच्या हवामानावरचा प्रबंध 1835 साली लंडनला छापला गेला. त्यात हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून दिसलेल्या इंद्रवज्राचं, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्याचं, वर्णन आहे. सूर्य पाठीशी आणि दरीत ढग, असा योग जुळावा लागतो. गंमत अशी, की साइक्सला त्या गोलाच्या मधोमध दिसला तो काही निर्मनुष्य डोंगर नव्हे. तिथे तो स्वतः होता, त्याचा घोडा होता, बरोबरची माणसं होती. सगळ्यांच्या सावल्या ढगावर, आणि भोवती रंगीत चौकट. इंद्रवज्रात ‘जरा बाजूला’ म्हणायची सोयच नाही. बघणाराच मध्यभागी असतो, प्रत्येक जण आपापल्या.

‘ते पावसात,’ मामा म्हणाले. ‘आत्ता नुसतं धुकट.’

तरीही पाठीमागून ऊन आलं तेव्हा कड्याचा माथा एकदम तांबूस झाला, खालचे डोंगर एकामागे एक फिके होत गेले, आणि मी माझ्या आयुष्यातला बरा म्हणावा असा एकमेव फोटो काढला. श्वास रोखून. एफ अकरा.

घरी संगणकावर मोठा करून पाहिला, तर डाव्या टोकाला, कड्याच्या नाकावर, लाल ठिपका. आणखी मोठा केला. मामा. सगळं ऊन तोंडावर घेऊन उभे, एक बोट वर. ओठ अर्धवट उघडे, बहुधा बारा-तेराच्या आसपास.

सरांनी सांगितलं होतं, की असा ठिपका एका बटणाने जातो. मी बटण दाबलं. ठिपका गेला, पण त्या जागी शेजारच्याच दगडाचं जुळं भावंड उगवलं आणि कडा उगीच दचकल्यासारखा दिसू लागला. मी मामांना परत आणलं.

आता तो फोटो मोठा करून दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावला आहे. येणारे जाणारे ‘वा, कुठलं स्वित्झर्लंड?’ वगैरे विचारतात. ठिपक्याविषयी मी कुणाला बोललो नाही. आई मात्र रोज सकाळी देवपूजा आटोपली, की स्टुलावर चढून ओल्या फडक्याने काचेचा डावा कोपरा पुसते, जरा मागे होऊन बघते, आणि फडकं पुन्हा पिळते.